पाय मुलीचा, तारीख कुणाची?

(अहिल्यानगर जिल्ह्यात किशोरी गटांबरोबर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात एका निवृत्त क्रीडाशिक्षिकेने केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मला विषय दिला होता 'किशोरवयीन मुलींचं आरोग्य'. अंगात रक्त कमी असणं, पाळी, कमी वयातली लग्नं यांबद्दल माझ्यापेक्षा कितीतरी जास्त जाणणाऱ्या बायका इथे समोर बसल्या आहेत. त्यांना मी काय सांगणार? मी तीस वर्षं गळ्यात शिट्टी अडकवून मैदानावर उभी राहिले. तिथे जे पाहिलं त्यावर बोलते. मी पायाच्या घोट्यावर बोलणार आहे.

हसलात ना? हसू येतंच. नवऱ्याने टाकलेल्या बायका, जमिनीतला वाटा, मजुरी, असे प्रश्न समोर असताना मुरगळलेला पाय हा काय प्रश्न झाला! मलाही पुष्कळ वर्षं तसंच वाटत होतं. माझा स्वतःचा पाय सतराव्या वर्षी मुरगळला. बास्केटबॉलच्या सामन्यात, रिंगवर आपटून आलेला चेंडू झेलायला उडी मारली आणि उतरले ती दुसऱ्या मुलीच्या पावलावर. चार दिवसांनी अंतिम सामना होता. पाय टम्म सुजलेला, निळा पडलेला. त्यावर क्रेप बँडेज करकचून बांधून मला उतरवलं. शाळेचं नाव घेत नाही. कप मिळाला, तो अजून तिथल्या कपाटात असेल. तो घोटा मात्र त्यानंतर किती वेळा वळला याचा मी हिशेब ठेवला नाही. आजही एसटीतून उतरताना मी आधी उजवा पाय टाकते.

मला कुणी जबरदस्ती केली असं म्हणता येणार नाही. विचारलं होतं, "खेळशील ना?" सतरा वर्षांची मुलगी सगळ्या संघासमोर 'नाही' कशी म्हणेल? तो विचारण्याचा एक प्रकार असतो ज्यात उत्तर आधीच घातलेलं असतं. आपल्या बायकांना तो प्रकार चांगला ओळखीचा आहे.

आता दुसरी गोष्ट. नाव-गाव सांगत नाही, पाथर्डीच्या बाजूची मुलगी, एवढं पुरे. सोळा वर्षांची. तिच्या गावातल्या हायस्कूलमध्ये एका हौशी शिक्षकाने दोन खांब रोवून रिंगा लावल्या होत्या. सिमेंटचं मैदान. त्या भागात हे दुर्मीळच. मुली थोरल्या भावांचे बूट घालून खेळायच्या, पुढे कापूस कोंबून. आपल्या नगर जिल्ह्याची कागदोपत्री २०२४ पासून अहिल्यानगर अशी ओळख झाली, पण दक्षिणेकडच्या तालुक्यांचं दुखणं जुनंच आहे. दसरा झाला की कोयते निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. तिचे आई-वडीलही तोडणीला गेलेले. घरात आजी, ही, आणि दोन धाकटे भाऊ. शाळांच्या स्पर्धाही नेमक्या पावसाळा सरता-सरता आणि त्यानंतरच असतात: तालुका, जिल्हा, विभाग, राज्य. म्हणजे मुलीच्या खेळाचा हंगाम आणि आईबापाच्या तोडणीचा हंगाम एकच.

जिल्ह्याच्या सामन्यात तिचा पाय गेला. अगदी माझ्यासारखाच, उडीवरून उतरताना. संघ मात्र जिंकला आणि विभागाच्या स्पर्धेला पंधरा दिवस उरले. तिथल्या बचत गटातल्या एका बाईंनी मला फोन केला. मी तिसऱ्या दिवशी पोहोचले, तोवर चार जणांनी तिच्या पायाचा निकाल लावून टाकला होता.

प्रशिक्षक म्हणत होते, आठ दिवस विश्रांती, मग पट्टी बांधून खेळ. वडिलांनी फडावरून फोनवर सांगितलं, बरं झालं, आता पुरे झाला तो खेळ. पाय अधू झाला तर उद्या कोण करील हिला? आजी म्हणत होती, हळद-तुरटीचा लेप लावलाय, उद्यापर्यंत उतरेल. आणि पाणी कोण आणणार? शेजारचे एक गृहस्थ तर पाय बसवणाऱ्याला बोलावून घेऊन आले होते. त्याने ओढून पाहिलं, मुलगी किंचाळली, मग तो गेला.

नीट ऐका. एक म्हणतो आठ दिवस, दुसरा म्हणतो कायमचं बंद, तिसरी म्हणते उद्या. प्रत्येकाकडे एक तारीख आहे आणि ती प्रत्येकाच्या गरजेतून आली आहे. एक तारीख स्पर्धेच्या वेळापत्रकातून, एक लग्नाच्या बाजारातून, एक रिकाम्या हंड्यातून. पायाकडे पाहून काढलेली तारीख एकही नाही. मी आजीला दोष देत नाही. सत्तरीच्या बाईने दोन पोरांचं पाणी कुठून आणायचं? पण ज्या पायावर हे सगळं चाललं होतं तो पाय जिचा, ती खाटेवर बसून सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होती.

आता थोडं पायाबद्दल. हे तुम्हाला माहीत असलंच पाहिजे, कारण गावात पहिला निरोप तुमच्याकडेच येतो.

घोट्याच्या बाहेरच्या बाजूला हाडांना हाडांशी बांधणारे पट्टे असतात, अस्थिबंध, ज्यांना डॉक्टर लिगामेंट म्हणतात. पाऊल आतल्या बाजूला वळलं की हे ताणले जातात, थोडे फाटतात किंवा पूर्ण तुटतात. पहिला प्रश्न असतो, हाड तर मोडलं नाही ना? त्यासाठी १९९२ साली कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी एक साधी रीत घालून दिली, ती आज जगभर वापरतात. दोन्ही बाजूंचे घोटे, म्हणजे ती वर आलेली हाडं, त्यांच्या टोकावर आणि मागच्या कडेवर खालची चार बोटं जागा दाबून पाहायची. हाडावर दाबल्यावर दुखतंय का? तसंच पावलाच्या बाहेरच्या कडेवर मधोमध एक उंचवटा लागतो तो, आणि आतल्या बाजूला घोट्याच्या थोडं पुढचं हाड, तेही दाबायचं. आणि चार पावलं टाकता येतात का? लंगडत टाकली तरी चालतील, पण दोन्ही पायांवर भार आला पाहिजे. हाडावर दुखत असेल किंवा चार पावलं टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढायचाच. वाढत्या वयाच्या मुलींची हाडं टोकांशी अजून पक्की झालेली नसतात, म्हणून शंका आली तरी काढायचा. पाय वाकडा दिसत असेल, बधिर किंवा गार पडला असेल, तर दाबत बसायचं नाही, सरळ दवाखान्यात न्यायचं.

या मुलीला चार पावलं टाकता येत होती, पण बाहेरच्या हाडावर दुखत होतं. एक्स-रे काढला. हाड शाबूत होतं. डॉक्टरांनी सांगितलं, अस्थिबंध अर्धवट फाटलाय, विश्रांती घ्या.

हा 'विश्रांती' शब्द मला आता बोलायला लावतो. मी त्या मुलीला एक वही दिली आणि म्हटलं, उद्या दिवसभरात जितक्या वेळा पायावर उभी राहशील तितक्या रेघा ओढ. नुसती उभी राहिलीस तरी. काम काय होतं तेही लिही. दुसऱ्या दिवशी वही बघितली. पहाटे अंगण झाडणं. चुलीपुढे उकिडवं बसणं. टँकरच्या टाकीवरून पाण्याच्या सात खेपा. भावांचे कपडे धुणं. भाकरी. भांडी. आजीचे पाय चेपणं. शेवटी तिने लिहिलं होतं: 'आज विश्रांती होती म्हणून सरावाला गेले नाही.'

मैत्रिणींनो, मुलाचा पाय मुरगळला की त्याची विश्रांती म्हणजे खाट, उशीवर पाय आणि हातात चहा. मुलीची विश्रांती म्हणजे फक्त मैदान बंद. तिला ज्यात आनंद मिळतो तेवढंच थांबतं, बाकी सगळं चालूच राहतं. मग डॉक्टर म्हणतात, आठ दिवसांत सूज का उतरली नाही? प्रशिक्षक म्हणतात, मुलींची शरीरं नाजूक. आणि मुलगी स्वतःला दोष देते.

नाजूकपणाचंही बघू. बऱ्याच संशोधनांचा एकत्र आढावा घेऊन २०१४ मध्ये निघालेला एक निष्कर्ष आहे: खेळताना घोटा मुरगळण्याचं प्रमाण बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जवळजवळ दुप्पट. दर हजार वेळा खेळायला उतरण्यामागे बायकांत १३.६, पुरुषांत ६.९. हा आकडा ऐकून कुणी म्हणेल, बघा, बाईचं शरीरच तसं. पण थांबा. त्या शरीराला लहानपणापासून किती धावू दिलं, किती उड्या मारू दिल्या, कुणाचे बूट घालून खेळवलं? हे न विचारता नुसता आकडा वाचायचा नाही. बास्केटबॉलच्या इतिहासातच पाहा. अमेरिकेत १८९१ साली हा खेळ निघाला आणि पुढच्याच वर्षी सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो मुलींच्या कॉलेजात आणला. पण समाजाला रुचावं म्हणून मैदानाचे तीन तुकडे केले आणि मुलींनी आपापला तुकडा ओलांडायचा नाही असा नियम घातला. सबंध मैदानभर धावणं बाईला झेपणार नाही म्हणून! तिथल्या बायकांना पूर्ण मैदान मिळायला जवळपास १९७० उजाडावं लागलं. ऑलिंपिकमध्ये पुरुषांचा बास्केटबॉल १९३६ ला आला, बायकांचा १९७६ ला. चाळीस वर्षं. आणि आज पुण्याची शिरीन लिमये भारताच्या संघाची कर्णधार होऊन खेळलेली आपण पाहिली आहे. बाई तीच, तुकडे काढून टाकले एवढंच.

आता दुखापतीनंतर कधी खेळायचं, हा खरा प्रश्न. सूज उतरली, चालताना दुखत नाही, म्हणजे बरं झालं असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. फाटलेला अस्थिबंध पुन्हा मजबूत व्हायला सहा आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत लागतात. शिवाय तो नुसता दोर नव्हे. पाऊल कसं टेकलंय, किती कललंय, हे मेंदूला कळवणारे बारीक तंतू त्यात असतात. तेही दुखावतात. म्हणून पाय दुखत नाही, पण खड्ड्यात पडला तर वेळेवर सावरतही नाही. ऑस्ट्रेलियात मेलबर्नमधल्या बास्केटबॉल खेळाडूंचा एक मोठा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. ज्यांचा घोटा आधी एकदा मुरगळला होता त्यांना पुन्हा तीच दुखापत होण्याची शक्यता जवळपास पाचपट निघाली. आणि ज्यांचे घोटे मुरगळले त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांनी कुठल्याही जाणकाराला पाय दाखवलाच नव्हता. हे मेलबर्नमध्ये, जिथे दवाखाना कोपऱ्यावर आहे.

घाई करवणं हे काही फक्त आपल्या खेड्यांतलं नाही. १९९६ सालच्या अटलांटा ऑलिंपिकची केरी स्ट्रग ज्यांना आठवते त्यांनी हात वर करा. दोघी-तिघी. ही अमेरिकेची अठरा वर्षांची जिम्नॅस्ट. पहिल्या उडीत पडली, घोटा गेला. संघाला सुवर्णपदक हवं होतं, प्रशिक्षक बाजूने ओरडून तिला हुरूप देत होते. तिने त्याच पायावर धावत जाऊन दुसरी उडी मारली, दोन पायांवर उतरली, मग एक पाय उचलला आणि कोसळली. प्रशिक्षकांनी तिला उचलून पदक घ्यायला नेलं. ते चित्र जगभर छापून आलं, जिद्दीचं प्रतीक म्हणून. मीही तेव्हा वर्तमानपत्रातलं कापून शाळेच्या फळ्यावर लावलं होतं, हे कबूल करते. नंतर हिशेब केला तेव्हा दिसलं की तिने दुसरी उडी मारली नसती तरी अमेरिकेलाच सुवर्ण मिळालं असतं. आणि वैयक्तिक स्पर्धांच्या ज्या अंतिम फेऱ्यांसाठी ती स्वतः पात्र ठरली होती, त्या तिला सोडाव्या लागल्या. पंचवीस वर्षांनी, २०२१ ला टोकियोत, सिमोन बाइल्स सांघिक अंतिम फेरीतून एका उडीनंतर बाहेर पडली, माझं शरीर आणि मन जुळत नाहीये म्हणून. केरी स्ट्रगने तेव्हा जाहीरपणे तिची बाजू घेतली. मी ते वाचलं आणि मला फळ्यावरचा तो कागद आठवला. किती मुलींनी तो वाचून दुखता पाय लपवला असेल?

आपल्याकडचंही एक उदाहरण देते. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत पी. व्ही. सिंधूने दुखऱ्या डाव्या पायाने सुवर्ण जिंकलं. तपासणीत हाडाला बारीक तडा निघाला. ती त्याच महिन्यातल्या जागतिक स्पर्धेला गेली नाही. पाच महिने बाहेर राहून जानेवारी २०२३ मध्ये परत आली आणि पहिल्याच फेरीत हरली. तरी तिला कुणी 'आता पुरे' म्हणालं नाही, २०२४ ला ती पॅरिसला खेळली. तिच्या हाताशी डॉक्टर होते, व्यायाम करून घेणारे होते, आणि घरात तिच्या जागी पाणी भरणारं कुणीतरी होतं.

मग आमच्या मुलीचं आम्ही काय केलं? पहिलं काम पाण्याचं. संघातल्या दोघी त्याच गावातल्या होत्या. त्या सकाळी शाळेआधी तिच्या घरचं पाणी भरू लागल्या. चार दिवस चाललं, मग एकीची आई कुरकुरायला लागली, आमच्या पोरीने दुसऱ्याचं का भरायचं? तिचंही बरोबर होतं. शेवटी उपाय घरातच निघाला. थोरला भाऊ बारा वर्षांचा. दिवसभर सायकल फिरवायचा. सायकलीला दोन कॅन बांधून तो तीन खेपांत सगळं पाणी आणू शकतो हे त्या घरात कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं! आजी म्हणाली, पोराला कशाला? मी म्हटलं, पोराचे दोन्ही पाय धड आहेत म्हणून. तो पहिले दोन दिवस लाजत होता, टाकीवर बायका हसल्या म्हणून. तिसऱ्या दिवशी त्याचे दोन मित्र मदतीला आले.

दुसरं काम पायाचं. लेप लावू नका असं मी आजीला सांगितलं नाही, थंडावा वाटत असेल तर वाटू दे. फक्त जोराने चोळायचं नाही, शेकायचं नाही, कुणाकडून ओढून घ्यायचं नाही. पाय उंच ठेवायचा, पट्टी बांधायची पण बोटं निळी पडतील इतकी नाही. बर्फ मिळाला तर फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं. तीन-चार दिवसांनी मात्र पाय नुसता पडू द्यायचा नाही. विश्रांती म्हणजे प्लास्टरात घातल्यासारखं पडून राहणं नव्हे. दुखणं सोसेल इतकं चालायचं. बसल्या जागी अंगठ्याने हवेत बाराखडी लिहायची, म्हणजे घोटा सगळ्या दिशांना फिरतो. सायकलच्या जुन्या ट्यूबचा फास खाटेच्या पायाला अडकवून पाऊल बाहेर ओढायचं. मग भिंतीला धरून टाचा उचलायच्या. मग एका पायावर उभं राहायचं, आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून.

एका पायावर उभं राहणं ही चेष्टा नाही. अमेरिकेतल्या शाळांमधल्या ७६५ खेळाडूंवर, त्यांत मुलीच जास्त, केलेला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना असा तोल साधण्याचा व्यायाम करायला लावला त्यांच्यात घोटा मुरगळण्याचं प्रमाण एक तृतीयांशाहून जास्त कमी झालं. पुढे २०११ ला असंच दिसलं की नाडीने बांधायचा घोट्याचा पट्टा घातला तर बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलामुलींच्या घोट्याच्या दुखापती खूपच कमी होतात. पट्ट्याला पैसे पडतात. एका पायावर उभं राहायला काय पडतं?

आणि मैदानावर परतायचं केव्हा, तर त्याच्या परीक्षा आपल्या घरातच आहेत. बाहेरून काही आणायला नको. उकिडवं बसता येतं का, दोन्ही टाचा जमिनीला टेकवून, सारख्या? दुखऱ्या पायाची टाच उचलली गेली तर घोटा अजून आखडलेला आहे. चांगल्या पायावर जितक्या वेळा टाच उचलता येते, तितक्या वेळा दुखऱ्यावर येते का? मग लंगडी. हो, आपली लंगडी! शहरातले फिजिओथेरपिस्टसुद्धा शेवटी एका पायावर उड्याच मारायला लावतात. चांगल्या पायावर अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग दुखऱ्यावर. समोर, मग आडवी, मग ठिकरीच्या चौकोनांतून. त्यानंतर सरळ धावणं, मग वळत धावणं, मग उडी मारून उतरणं. मग सराव, पण धक्काबुक्की नसलेला. मग पूर्ण सराव. सामना सगळ्यांत शेवटी. एका पायरीवर दुखलं किंवा दुसऱ्या दिवशी सूज आली तर एक पायरी मागे. हलकी दुखापत असेल तर हे सगळं एक-दोन आठवड्यांत होतं, मधली असेल तर तीन ते सहा, अस्थिबंध पूर्ण तुटला असेल तर दोन-तीन महिने आणि कधी त्याहूनही जास्त.

आणखी एक परीक्षा आहे, ती लंगडीत दिसत नाही. मुलीला विचारायचं, तुला तुझ्या पायाचा भरवसा वाटतो का? एकटीला विचारायचं, प्रशिक्षक आणि वडील यांच्या देखत नाही. अलीकडे या विषयातल्या तज्ज्ञांनी मिळून मैदानावर परतण्याचे जे निकष ठरवले आहेत त्यांतसुद्धा खेळाडूला स्वतःला काय वाटतं हा एक निकष आहे. आपण हे इतकी वर्षं दुसऱ्या कारणांसाठी म्हणत आलो आहोत.

आमची मुलगी विभागाच्या स्पर्धेला गेली नाही. आडव्या लंगडीत तिसऱ्या उडीला पाय डगमगत होता, तिनेच सांगितलं, नको. संघ हरला. हे मी गोड करून सांगणार नाही. पंधरा दिवस दोन मुली तिच्याशी बोलल्या नाहीत. प्रशिक्षकही चिडले होते, आणि त्यांची बाजूही समजून घ्या. राज्य पातळीवर नंबर आला तर मुलीला जे प्रमाणपत्र मिळतं त्यावर दहावी-बारावीला गुण मिळतात, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा असतात. कोयत्यावर जाणाऱ्या घरातल्या मुलीला तेवढंच दार उघडं दिसतं. "एक सामना खेळली असती तर तिचं आयुष्य बदललं असतं," असं ते मला म्हणाले. मी म्हटलं, तिला पोलीस भरतीत जायचंय. तिथे मुलींना आठशे मीटर धावावं लागतं. त्या सामन्यात पाय पूर्ण गेला असता तर कोणतं दार उघडं राहिलं असतं? त्यांनी उत्तर दिलं नाही. पण माझ्याकडेही उत्तर नव्हतं. असा सौदा मुलींसमोर ठेवावा लागतो, तोच चुकीचा आहे. आजारपणामुळे स्पर्धा चुकली तर मुलीला पुन्हा कधी संधी द्यायची याचा विचार स्पर्धा भरवणाऱ्यांनी करायला हवा. आपल्या संघटनांनी ही मागणी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे न्यायला हरकत नाही.

वडिलांचं काम सगळ्यांत अवघड होतं. इतर सगळ्यांना ती लवकर परतायला हवी होती, त्यांना ती परतायलाच नको होती. हे लक्षात ठेवा, मुलीच्या दुखापतीला दोन्ही बाजूंनी धोका असतो. मैदानावर घाईने ढकलणारेही असतात आणि पाय मुरगळल्याचं निमित्त साधून तिला घरात बसवणारेही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यात वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी सुमारे बावीस टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. शाळा सुटली, खेळ सुटला, आईबाप तोडणीला, वयात आलेली पोर घरात एकटी, मग पुढची पायरी तीच. म्हणून 'आता खेळू नको' असं आपण काळजीपोटी जरी म्हटलं, तरी ते तारखेशिवाय म्हणायचं नाही. काय जमलं की परत जायचं ते त्याच दिवशी ठरलं पाहिजे आणि कागदावर लिहिलं पाहिजे.

आम्ही तसा कागद केला. उकिडवं, टाच, लंगडी, धावणं, उडी, सराव, सामना. प्रत्येकापुढे चौकोन. तिच्या बापाला फोनवर वाचून दाखवला. ते म्हणाले, "मला सगळं कळत नाही, पण लंगडी झाली की मला सांग." सातव्या आठवड्यात तिने फोन केला, लंगडी झाली. ते हसले असं ती सांगते. हो म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत. ती सरावाला गेली. आता बारावीला आहे, खेळते, पट्टा बांधून. भाऊ पाणी आणतो की नाही हे मी गेल्या खेपेला विचारायला विसरले.

चौकोनांचा तो कागद आम्ही मोठ्या अक्षरांत करून आणलाय. मागच्या बाजूला हाड कुठे दाबून पाहायचं त्याचं चित्र आहे, आणि खाली दोन ओळी कोऱ्या सोडल्या आहेत: 'या काळात घरचं कोणतं काम कोण करील?' त्या ओळी घरातल्या मोठ्या माणसाने भरायच्या, मुलीने नाही. कागद दाराजवळच्या टेबलावर आहेत. ज्यांच्या गावात हायस्कूल आहे त्यांनी दोन घ्या, एक शाळेत द्यायला.